भयकादंबऱ्यांच्या सहीच्या पहिल्या आवृत्त्या : खानदेशातील संग्रह

लेखकाने स्वतः सही केलेली भयकादंबरीची पहिल्या आवृत्तीची प्रत मिळवणे आणि जपणे, असा हा छंद. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत, तो करणाऱ्याला इंग्रजी आणि मराठी पुस्तकांसाठी वेगवेगळी नजर लागते.

इंग्रजीत आवृत्ती ओळखणे हीच एक विद्या आहे. स्टीफन किंगची पहिली कादंबरी 'कॅरी' १९७४ साली निघाली. तिच्या पहिल्या छपाईत १९९व्या पानाच्या आतल्या, बांधणीकडच्या कडेला 'पी६' ही खूण सापडते. अलीकडच्या पुस्तकांत मुद्रणपृष्ठावरच्या अंकांच्या ओळीत १ शिल्लक आहे का, ते पाहतात; असला तर छपाई पहिली. वरचे सुटे वेष्टन गेले, की किंमत कोसळते.

मराठीत 'प्रथमावृत्ती' सरळ छापलेले असते, कधी गुढीपाडव्याच्या नाहीतर विजयादशमीच्या मुहूर्तासह. पंचाईत निराळीच. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांची पुस्तके विकत घेणाऱ्यांपेक्षा वाचनालयातून आणून रात्रीत संपवणारेच जास्त. त्यामुळे रद्दीत हाती लागते ती बहुधा वाचनालयाची प्रत: पुठ्ठ्याची नवी बांधणी, मुखपृष्ठ गायब, पहिल्या पानावर गोल शिक्का, मागे तारखांची चिठ्ठी. बाइंडरने कडा कापताना सहीचे शेपूटही छाटलेले असू शकते. दोघेही आज हयात नाहीत, तेव्हा नव्या सहीचा प्रश्नच मिटला.

सही हवी तर पुण्या-मुंबईची गाडी धरायची, नाहीतर लेखक इकडे येण्याची वाट पाहायची. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन खानदेशात आले ते मोजक्या वेळा: जळगाव १९३६, धुळे १९४४, अमळनेर १९५२, पुन्हा जळगाव १९८४ आणि पुन्हा अमळनेर २०२४.

पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात जुना डिंक वाळून पुस्तकाची पाठ तडकते. पावसाळ्यात कसर आणि वाळवी. पुस्तकांत निंबाचा वाळला पाला ठेवण्याची घरगुती रीत आहे. ओला पाला मात्र कागदावर डाग पाडतो.

बाजारात नुसती सही असलेली कोरी प्रत भाव खाते. खरे तर 'सप्रेम भेट', गाव आणि तारीख असलेली प्रत जास्त बोलकी, कारण ती कुठे आणि केव्हा दिली, हे तिच्यावरच लिहिलेले असते. छापील सही भिंगाखाली उघडी पडते: शाईच्या रेघेऐवजी ठिपके दिसतात, आणि बोट फिरवले तर मागच्या बाजूला बॉलपेनचा उठाव लागत नाही.