चोरी जाहीर करावी का, पैसे द्यावेत का? संग्रहालयांपुढील जुन्या पेचांची पार्श्वभूमी

संग्रहालयातून वस्तू गेली की त्याच दिवशी पोलिसांत फिर्याद द्यायची, यात वेगळे सांगण्यासारखे काही नाही असे आज वाटेल. विसाव्या शतकातील बराच काळ मात्र भल्याभल्या संग्रहालयांचा कल गप्प राहण्याकडे होता. बोभाटा झाला तर माल दडवला जाईल, तो परत कधी दिसणारच नाही, शिवाय देणगीदार आणि वस्तू उसन्या देणाऱ्या संस्था हात आखडता घेतील, अशी ही भीती. १९११मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून मोनालिसा गेली तेव्हा लपवण्याची सोय नव्हती. तरी चित्र जागेवर नाही याचा अर्थ कळायला दुसरा दिवस उजाडला, कारण ते छायाचित्र काढण्यासाठी नेले असेल असे पहाऱ्यावरच्यांना वाटले. वस्तू कोणी, कधी हलवली याची नोंद नसेल, तर चोरी आणि रोजचे काम सारखेच दिसते.

या मौनाची कायदेशीर किंमत मार्क शगाल या चित्रकाराच्या एका चित्रामुळे समोर आली. १९६०च्या दशकात ते न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयातून नाहीसे झाले. दशक संपताना केलेल्या मोजदादीत ते नसल्याची खात्री पटली. संग्रहालयाने पोलिसांना, इतर संग्रहालयांना किंवा विक्रेत्यांना काहीही कळवले नाही. १९७४मध्ये विश्वस्तांनी ते आपल्या नोंदींतून काढूनही टाकले. दरम्यान १९६७मध्ये एका दाम्पत्याने ते नावाजलेल्या गॅलरीतून सरळ मनाने विकत घेतले होते. १९८५मध्ये किंमत ठरवण्यासाठी चित्राची पारदर्शिका (पारदर्शक फिल्मवरचे छायाचित्र) लिलावगृहात गेली आणि ओळख पटली. वीस वर्षे गप्प बसलेल्या मालकाचा हक्क उरतो का, हा प्रश्न न्यायालयात आला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये दावा दाखल करण्याच्या मुदतीच्या मुद्द्यावर संग्रहालयाच्या बाजूने कौल दिला. मात्र या मौनामुळे आपले नुकसान झाले, असा बचाव खरेदीदाराला घेता येईल, अशी वाटही मोकळी ठेवली. शेवटी तडजोड झाली. मुदतीचा मुद्दा संग्रहालयाने जिंकला खरा, पण त्यानंतर मौनाचे जाहीर समर्थन करणे कोणालाच सोपे राहिले नाही.

१९७०च्या आंतरराष्ट्रीय करारानेही संग्रहालयातून चोरलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घातली होती, पण एका अटीवर: वस्तू त्या संस्थेच्या नोंदवहीत असल्याचा पुरावा हवा. १९९०च्या दशकात चोरीच्या कलावस्तूंच्या याद्या संगणकावर आल्या आणि वस्तूचे वर्णन कसे करावे याचा सर्वमान्य नमुनाही ठरला. यामुळे ‘कळवायचे’ या बाजूचे पारडे जड झाले. मग वाद दुसरीकडे सरकला: वस्तू परत मिळवण्यासाठी पैसे द्यायचे का?

१९९४च्या जुलैमध्ये फ्रँकफर्टच्या एका प्रदर्शनातून टर्नर या इंग्रज चित्रकाराची दोन चित्रे गेली. ती लंडनच्या टेट संग्रहालयाकडून उसनी आणली होती. विमा कंपन्यांनी २४ दशलक्ष पौंड भरले. नेहमीच्या नियमाने भरपाईबरोबर मालकी विमा कंपन्यांकडे गेली, म्हणजे चित्रे सापडली तरी ती त्यांची. लंडनच्या संग्रहालयाने १९९८मध्ये ८ दशलक्ष पौंड देऊन मालकी परत विकत घेतली. कुठे आहेत हेही ठाऊक नसलेल्या चित्रांसाठी! चित्रे मिळाली नसती तर हा सौदा वेडेपणाचा ठरला असता. मिळाली, तेव्हा संग्रहालयाकडे चित्रेही होती आणि भरपाईतला मोठा हिस्साही.

ती मिळाली कशी, यावरून रण पेटले. एका जर्मन वकिलामार्फत सुमारे ३ दशलक्ष पौंड दिले गेले. या रकमेला नाव होते ‘चित्रे परत मिळवून देणाऱ्या माहितीचे शुल्क’. लंडनच्या न्यायालयाची परवानगी घेतली होती, जर्मन तपास यंत्रणांनाही सर्व ठाऊक होते. पहिले चित्र २००० साली हाती आले, पण दुसरे २००२च्या डिसेंबरात मिळेपर्यंत त्याची वाच्यता झाली नाही. इथे मौन उपयोगी पडले हे मान्य करावे लागते.

पण या शुल्काला म्हणायचे काय? खबऱ्याला दिले तर बक्षीस, चोराला दिले तर खंडणी, इतकी ही वाटणी साधी दिसते. मधे वकील उभा राहिला, आणि आपला अशील कोण हे सांगण्याचे बंधन त्याच्यावर नसले, की ती कोलमडते. पैसे शेवटी कोणाच्या खिशात गेले हे देणाऱ्यालाही शपथेवर सांगता येत नाही. इंग्लंडच्या १९६८च्या कायद्यानुसार ‘वस्तू परत द्या, काहीही विचारणार नाही’ अशी जाहिरात देणे हा गुन्हा आहे. जाहिरात द्यायची नाही, पण न्यायालयाची परवानगी घेऊन वकिलाच्या हाती रक्कम ठेवायची: कायद्यात बसते, तरी पटत नाही. चित्रे आज भिंतीवर आहेत, हे समर्थकांचे उत्तर. ते खोडून काढणे सोपे नाही हेही खरे.

बक्षिसाची रक्कम वाढवत नेली की काम होते असेही नाही. बॉस्टनच्या संग्रहालयातून १९९०मध्ये १३ कलाकृती गेल्या. चोरीचा विमा नव्हताच. बक्षीस १ दशलक्ष डॉलरवरून १९९७मध्ये ५ आणि २०१७मध्ये १० दशलक्ष झाले. रिकाम्या चौकटी अजून तशाच टांगलेल्या आहेत. ड्रेस्डेनला २०१९मध्ये चोरीस गेलेले दागिने २०२२च्या अखेरीस बरेचसे परत आले. तिथे देवघेव झाली ती कबुलीजबाब आणि शिक्षेतील सवलत यांची.

चित्र दडवून ठेवता येते, सोने वितळवता येते. त्यामुळे दागिन्यांच्या चोरीत वाटाघाटींना वेळच नसतो. २०२५च्या ऑक्टोबरात लूव्रमधून ८८ दशलक्ष युरोंचे ८ दागिने गेले, तेव्हा त्यांची छायाचित्रे लगेच जगभरच्या पोलिसांकडे पोहोचली.

याउलट लंडनच्याच ब्रिटिश म्युझियमची २०२३ची हकिगत. सुमारे २००० वस्तू बेपत्ता किंवा खराब झालेल्या, संशय आतल्याच माणसावर. एका व्यापाऱ्याने २०२१मध्येच इशारा दिला होता, आणि सगळे जागेवर आहे असे त्याला कळवण्यात आले होते. यातल्या कितीतरी वस्तूंची, विशेषतः रत्नांची, नीट नोंदच नव्हती. संचालकांनी पद सोडले, पाच वर्षांत सगळा संग्रह संगणकावर आणण्याचे जाहीर झाले, काहीशे वस्तू परतही आल्या. पण लोकांना शोधायला मदत करा म्हणताना संग्रहालयाने हरवलेल्या वस्तूंची पूर्ण यादी दिली नाही. त्या प्रकारच्या इतर वस्तूंची छायाचित्रे दिली. सगळा तपशील उघड करू नये, असा तज्ज्ञांचा सल्ला होता म्हणे. शगालच्या चित्राबाबतही, बोभाटा झाला तर चित्र दडवले जाईल, असे जवळपास याच धर्तीचे कारण न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने न्यायालयात दिले होते.