पाय धुण्याचा विधी: पवित्र गुरुवारामागचा इतिहास

पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, वसईपासून गोव्यापर्यंतच्या कॅथलिक चर्चमध्ये संध्याकाळच्या मिस्सात (सामूहिक उपासनेत) धर्मगुरू वरचा झगा उतरवतात, कमरेला टॉवेल बांधतात आणि गुडघे टेकून लोकांचे पाय धुतात. हा विधी बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायातून आला: शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले. पण त्या रात्री शिष्यांना केवढा धक्का बसला असेल, हे समजायला तेव्हाची रीत माहीत हवी.

दारी आलेल्याला पाय धुवायला पाणी द्यायचे, ही पद्धत आपल्यासारखीच येशूच्या ज्यू समाजातही होती. यजमान पाणी देई. पाय पाहुणा स्वतः धुई किंवा घरचा दास. हे काम इतके हलके की हिब्रू दासाला ते करायला लावू नये, असे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) परंपरेत सांगितले आहे. बायबलच्या जुन्या करारात दाविदाचा लग्नाचा निरोप आल्यावर अबीगइल लवून म्हणते, धन्याच्या चाकरांचे पाय धुणारी दासी व्हायला मी तयार आहे. याहून खालची जागा तिला सुचत नाही. लूकच्या वृत्तांतानुसार शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांत वाद झाला होता, आपल्यात मोठा कोण? योहान सांगतो, त्याच भोजनाच्या वेळी गुरू येशू गंगाळात पाणी ओतून खाली वाकला. शिष्य पेत्र नको नको म्हणाला. येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत अजून उठून गेला नव्हता, म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले. या प्रसंगातले सर्वांत अवघड तेच आहे, असे मला वाटते.

सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीत हे रोजच्या सेवेचेच काम होते. बायबलमधील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीच्या यादीत घ्यायच्या विधवेची पारख सांगितली आहे: तिने मुले वाढवली का, परक्यांचा पाहुणचार केला का, पवित्र जनांचे पाय धुतले का. चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज नव्या बाप्तिस्मा घेतलेल्यांचे पाय धुत. रोमच्या चर्चमध्ये ही प्रथा नाही हे ठाऊक असूनही त्यांनी ती सोडली नाही.

या सेवेला खरी शिस्त लावली ती सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी. त्यांच्या मठात स्वयंपाकघराची पाळी आठवड्याने बदले. शनिवारी पाळी संपलेल्याने सगळीकडे साफसफाई करायची, हातपाय पुसायचे टॉवेल धुवायचे, भांडी स्वच्छ करून कोठारप्रमुखाच्या ताब्यात द्यायची. मग जाणारा आणि येणारा, दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. पाहुण्यांचे पाय तर मठाधिपतीसह सर्वांनी धुवायचे आणि गरीब व यात्रेकरू यांची जास्त काळजी घ्यायची, कारण श्रीमंतांचा मान त्यांच्या दराऱ्यानेच राखला जातो. नम्रता अंगी बाणावी म्हणून भांडी आणि पाय एकाच पाळीत घालणारा हा नियम मला कोणत्याही प्रवचनापेक्षा मोलाचा वाटतो.

पुढे राजेरजवाडे आले आणि विधीला थाट आला. इंग्लंडचे राजे गरिबांचे पाय धुत. कालांतराने ते थांबले, नाण्यांचे दान तेवढे राहिले. व्हिएन्नात सम्राट फ्रान्झ जोसेफ दरवर्षी दरबारी इतमामात बारा वृद्धांचे पाय धुत. राजाने वाकणे ही लहान गोष्ट नाही, पण पाळी नेहमी एकाच बाजूची राहिली.

१९५५ मध्ये पोप बारावे पायस यांनी पवित्र सप्ताहाच्या विधींची फेररचना केली आणि हा विधी संध्याकाळच्या मिस्सात आणता येऊ लागला. पाय मात्र पुरुषांचेच धुवायचे. २८ मार्च २०१३ रोजी, निवडून येऊन पंधरवडाच झालेले पोप फ्रान्सिस रोममधील कासाल देल मार्मो या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले. त्यांनी ज्या बारा जणांचे पाय धुतले, त्यांत मुली होत्या, मुस्लिमही होते. जानेवारी २०१६ मध्ये नियमच बदलला आणि स्त्रियांचे पाय धुण्याची वाट सर्व चर्चमध्ये मोकळी झाली.

सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्यांत प्रभुभोजनाआधी सभासद जोडीजोडीने बसतात. एकाने दुसऱ्याचे पाय धुतले की तो उठतो आणि पहिल्याचे धुतो.