ऑपरेशननंतरची बाई: कोकणातल्या तपासण्यांची पार्श्वभूमी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली पंचेचाळिशीची बाई स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढते, ती बहुधा दुखणं पुरतं अंगावर काढून झाल्यावर. याला तिचा हलगर्जीपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

1952 मध्ये कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर कित्येक वर्षं सरकारी आरोग्यसेवेच्या लेखी बाई म्हणजे गरोदर, बाळंतीण नाहीतर नसबंदीच्या ऑपरेशनची केस. धाकट्या मुलानंतर ऑपरेशन झालं की नर्सबाईंच्या रजिस्टरशी तिचा संबंध संपला. कोकणात ओझं तर त्यानंतरच वाढायचं. घरधनी मुंबईला गिरणीत. लावणी, गुरं, सासूसासऱ्यांची आजारपणं हिच्या एकटीवर. 1982 च्या गिरणी संपानंतर मनिऑर्डरी आटल्या, तशी स्वतःच्या औषधपाण्याची गोष्ट आणखी मागे पडली.

पहाटे चुलीपुढे बसून दाताला मिश्री लावायची सवयही याच कष्टांतली. भूक मरते, तरतरी येते. पण ती जाळलेली तंबाखूच. तोंडाच्या कर्करोगाची वाट तिथून जाते. पाळी जायच्या सुमारास हाडं ठिसूळ होऊ लागतात, रक्तदाब चढतो, आणि सोबतीला सुकी मासळी, लोणचं, खारातल्या कैऱ्या असतातच.

तपासणी दवाखान्याबाहेर, वस्तीतही होऊ शकते, हे महाराष्ट्रातच सिद्ध झालं. टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावी शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं. गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य अॅसेटिक अॅसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा चट्टा उमटतो का ते पाहायचं. एवढ्यावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. 2016 मध्ये केंद्राने तिशीपुढच्या सर्वांसाठी रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आता आशाताई फॉर्म भरताना तंबाखू विचारतात, टेप लावून कंबर मोजतात. मुलाबाळांपलीकडे बाईची स्वतःची चौकशी करणारा हा फॉर्म मला फार मोलाचा वाटतो.

बायकांच्या आरोग्यतपासणीची राज्याची ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ मोहीम 2022 च्या नवरात्रात सुरू झाली. पण कोकणात तेव्हा हळवं भात कापणीला येतं, आणि उभं पीक टाकून बाई शिबिराला कशी येणार? इथली शिबिरं दिवाळीनंतर, शिमग्याच्या आत, वाडीतल्या अंगणवाडीत घ्यायला हवीत. अंतर्गत तपासणीला आडोसा आणि बाई डॉक्टर नसेल, तर आलेलीही बीपी मोजून परत जाते.