हाड जुळलं, पण गुडघा काही वाकेना

मामा वर्धा रोडवर गाडीवरून घसरले, गुडघ्याची वाटी फुटली, ऑपरेशन करून तार बसवली. दोन महिन्यांनी एक्सरेत हाड मस्त जुळलेलं दिसलं अन आम्ही खूश, पण मामाला ऑटोत बसता येईना. गुडघा 65 अंशाला अडकला होता. तेवढ्यात सपाट रस्त्यावर चालणं होतं, पण जिने अन खुर्चीतून उठणं म्हटलं की साधारण 90 च्या आसपास लागतात, उकिडवं बसायला तर 130 च्या वर.

मग अडकलं कुठे? बहुतेकांना वाटतं सांध्यातच, पण बऱ्याचदा ते वर मांडीतही अडकलेलं असतं. आपल्या स्नायूंवर फॅशिया नावाचं आवरण असतं, नागपूरच्या माणसाला संत्र्याच्या फोडीवरची साल म्हटलं की कळतं, फक्त इथे थर बरेच असतात अन ते एकमेकांवर घसरले तरच पाय वाकतो. मध्ये हायलुरोनान नावाचा चिकट पदार्थ वंगणासारखा असतो. इटलीतल्या पादुआ विद्यापीठाच्या कार्ला स्टेको यांनी याच थरांवर बरंच काम केलंय, त्यांचं म्हणणं असं की हालचाल थांबली की हा पदार्थ घट्ट होतो, म्हणजे बघा, एकतारी पाक गोळीबंद व्हावा तसं. त्यात वाटीच्या वरची पिशवीसारखी जागा असते, तीही सूज अन जखमेमुळे चिकटते, मग वाटी खाली सरकणार कशी?

धंतोलीच्या फिजिओ मॅडम मांडीच्या बाहेरच्या बाजूला अंगठा रोवून एकाच जागी हळूहळू घासत बसायच्या, तेल नाही, घाई नाही. "काका, श्वास धरू नका, सोडा." मामाचा चेहरा आधी आंबट, मग दोन-तीन मिनिटांनी सैल. लगेच कंपासपेटीतल्या कोनमापकाच्या मोठ्या भावासारखं यंत्र लावून मोजायचं, 65 चे 72.

आता असं घासून "गाठ फोडली" असं काहीजण सांगतात ना, ते मला पटत नाही. 2008 च्या एका गणिती अभ्यासात दिसलं की मांडीवरचं फॅशियाचं जाड आवरण एक टक्का दाबायला किंवा आडवं सरकवायलासुद्धा हाताच्या आवाक्याबाहेरचा जोर लागतो. म्हणजे फायदा होतो तो बहुधा थर पुन्हा सरकायला लागल्याने अन मेंदूने स्नायू आवळून धरणं सोडल्याने. म्हणूनच तो टिकत नाही, घरी जाऊन वाकवलं नाही तर उद्या परत तेच. अन हे सगळं सर्जनने हाड पक्कं झालंय म्हटल्यावरच, बरं का. पोटरी सुजून गरम लागली तर चोळायचंच नाही, रक्ताची गुठळी असू शकते, सरळ डॉक्टर गाठायचा.

घरी मामा फरशीवर पाय लांब करून बसतात, टाचेखाली पावडर टाकतात अन टाच मागे ओढत राहतात, दिवसातून चार वेळा. परवा 104 झाले. मामीची पावडर मात्र अर्धी संपली.