परळची चाळ ते राजगृह: दादरच्या हिंदू कॉलनीची पार्श्वभूमी

दादरला पूर्वेकडे उतरून हिंदू कॉलनीत शिरलं की स्टेशनचा गोंगाट मागे पडतो. सरळ गल्ल्या, दुतर्फा झाडं, आणि त्यातच ‘राजगृह’. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं हे घर सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या जमिनीवर ते उभं आहे, तिची कथा मात्र प्लेगपासून सुरू होते.

१८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला आणि मुंबई निम्मीअधिक गावाकडे पळाली म्हणावं अशी अवस्था झाली. कोंदट, अंधाऱ्या वस्तीतून रोग फैलावतो, अशी तेव्हाच्या साहेबाची समजूत. उंदरावरच्या पिसवांचा गुन्हा सर्वमान्य व्हायला अजून अवकाश होता. मग १८९८ मध्ये मुंबई सुधार ट्रस्ट (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजेच बीआयटी) स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या आणि समुद्राचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले. गरिबांसाठी चाळी बांधल्या. त्यांना लोक अजूनही ‘बीआयटीच्या चाळी’ म्हणतात.

मध्यमवर्गासाठी ट्रस्टने उत्तरेला दादर-माटुंग्याकडे पाहिलं. तिथे घरं न बांधता प्लॉट पाडून ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. दोन इमारतींत मोकळी जागा सोडायची, उंची आटोक्यात ठेवायची, असे नियम होते. मंचेरजी जोशी यांनी ट्रस्टच्या मागे लागून पारशांसाठी १०३ प्लॉट राखून घेतले आणि पारशी कॉलनी झाली. माटुंग्यात दक्षिणेकडची मंडळी स्थिरावली, हिंदू कॉलनीत प्रामुख्याने मराठी मध्यमवर्ग. रोगाच्या धास्तीने आखलेली जागा अशी जातीधर्माच्या कॉलन्यांत वाटली गेली, हे मला या सगळ्या नियोजनातलं सर्वांत बोलकं वाटतं.

बाबासाहेब या दोन्ही टोकांना राहिले. परळला पोयबावडीच्या बीआयटी चाळीत, दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत त्यांची सुमारे २२ वर्षं गेली. एका खोलीत संसार, दुसऱ्या खोलीत अभ्यास. बॅरिस्टर होऊन आल्यावरही मुक्काम तिथेच. पुस्तकं वाढत गेली, खोली तेवढीच राहिली.

मग त्यांनी हिंदू कॉलनीत प्लॉट घेतले आणि १९३१ ते १९३३ या काळात बांधकाम झालं. राहत्या घराला नाव दिलं राजगृह, मगधाच्या प्राचीन राजधानीचं. खाली कुटुंब, वर ग्रंथालय आणि कचेरी. घर बांधताना पुस्तकांचा विचार आधी केला, असा मुंबईकर विरळाच. ‘चार मिनार’ ही दुसरी इमारत भाड्याने देण्यासाठी होती. कर्ज फेडण्यासाठी आणि पुस्तकांपायी १९४१ मध्ये तीही विकावी लागली.

२७ मे १९३५ रोजी रमाबाईंचं निधन याच घरात झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की, आपण हिंदू म्हणून मरणार नाही. तेव्हा त्यांचा पत्ता होता, हिंदू कॉलनी, दादर!

१९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं आल्यावर ते दिल्लीला गेले. ६ डिसेंबर १९५६ ला तिथेच निधन झालं. पार्थिव विमानाने मुंबईला आणून आधी राजगृहात ठेवलं गेलं आणि अंत्ययात्रा तिथूनच दादर चौपाटीकडे निघाली.

ट्रस्ट १९३३ मध्येच महापालिकेत विलीन झाला. १९६४ मध्ये शेवटची ट्राम धावली, तरी ‘दादर टीटी’तली (ट्राम टर्मिनस) ट्राम बोलण्यात राहिली. कॉलनीतल्या जुन्या इमारतींच्या जागी आता टॉवर चढताहेत आणि मोकळ्या अंगणांत गाड्या उभ्या आहेत. ६ डिसेंबरला मात्र चैत्यभूमीवरून निघालेली माणसं टिळक पूल ओलांडून इकडे येतात. पायाला सूज, पाठीवर वळकटी, आणि शिवाजी पार्कवर घेतलेल्या पुस्तकांची पिशवी छातीशी.