पीकेयू: सहाव्या वर्षी डाएट सोडलेली मुलं आणि आयुष्याच्या दर्जाचा प्रश्न

पीकेयू म्हणजे फिनाइलकीटोन्युरिया, जन्मजात आजार, यात प्रथिनांमधलं फिनाइलअ‍ॅलनिन शरीराला नीट पचवता येत नाही आणि ते रक्तात साठून मेंदूला इजा करतं. तो असलेल्यांचं आयुष्य कसं आहे ही चर्चा हल्ली नव्या औषधांपासूनच सुरू होते, पण आज पन्नाशी-साठीत असलेल्या पेशंटना जे सोसावं लागतंय त्यातलं बरंचसं १९६०-७० च्या काळातल्या एका निर्णयातून आलंय, तो बाजूला ठेवून पुढचं काही नीट कळत नाही.

आधीचं थोडक्यात. १९३४ मध्ये नॉर्वेत एका डॉक्टरने दोन भावंडांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं, ती हिरवी झाली आणि आजार सापडला, उपाय मात्र नव्हता. १९५० नंतर इंग्लंडमध्ये दोन वर्षांच्या एका मुलीला पहिल्यांदा कमी फिनाइलअ‍ॅलनिनचा आहार दिला, तोसुद्धा तिची आई डॉक्टरांच्या हात धुऊन मागे लागली म्हणून. मुलगी सुधारली. मग फरक आहारामुळेच पडलाय हे पक्कं करायला डॉक्टरांनी आईला न सांगता फिनाइलअ‍ॅलनिन परत घातलं आणि पोरीने कमावलेलं बघता बघता गेलं. पुढे टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन कागदावर वाळवायची टेस्ट आली, १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्सने ती नवजात बाळांना कायद्याने लागू केली आणि मतिमंदत्व टळू लागलं.

आता मूळ मुद्दा. हे डाएट किती वर्षं चालवायचं? तेव्हाचा समज असा की पाच-सहा वर्षांपर्यंत मेंदूची मुख्य वाढ झालेली असते, त्यानंतर फिनाइलअ‍ॅलनिन वाढलं तरी फारसं बिघडत नाही. वरून डाएट म्हणजे घरच्यांची परीक्षाच, प्रत्येक घास वजनकाट्यावर, दिवसातून तीन-चार वेळा तो उग्र वासाचा फॉर्म्युला (फिनाइलअ‍ॅलनिन काढलेलं प्रथिनांचं पेय), वाढदिवसाला सगळी मुलं खातायत आणि आपलं पोर डबा उघडून बसलंय. त्यामुळे शाळेत जायच्या वयात बऱ्याच क्लिनिकनी डाएट बंद करायला सांगितलं आणि घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पण हा निर्णय घेताना पुरावा अगदीच तोकडा होता हे म्हणायलाच हवं. अमेरिकेत सहाव्या वर्षी काहींचं डाएट सोडवून आणि काहींचं चालू ठेवून तुलना केली तेव्हा सोडलेल्यांचा बुद्ध्यांक घसरताना दिसला. तरी माप बुद्ध्यांकाचंच राहिलं. लक्ष न लागणं, कामाचं नियोजन न जमणं, चिंता, उदासी, हाताला कंप या तक्रारी फार उशिरा कागदावर आल्या, कारण "आता यायची गरज नाही" असं ऐकून कितीतरी मुलं क्लिनिकच्या नोंदींतूनच गायब झाली होती.

याचा सगळ्यात वाईट फटका मुलींना बसला. लहानपणी डाएट सुटलेल्या मुली मोठ्या झाल्या, त्यांना दिवस गेले, आणि पोटातल्या बाळाला पीकेयू नसूनही आईच्या रक्तातल्या फिनाइलअ‍ॅलनिनमुळे त्याचा मेंदू आणि हृदय यांना इजा झाली. १९८० मध्ये जगभरातल्या अशा गरोदरपणांचा आढावा छापून आला, त्यात पातळी खूप जास्त असलेल्या, उपचार न घेतलेल्या आयांच्या ९० टक्क्यांहून जास्त मुलांत बौद्धिक अपंगत्व होतं. "डाएट सोडलं तरी चालतं" हे म्हणणं माझ्या मते तिथेच संपायला हवं होतं, पण ब्रिटनमधल्या तज्ज्ञगटाने आयुष्यभर डाएटची शिफारस केली १९९३ मध्ये आणि अमेरिकेत तसं मत बनलं २००० मध्ये. तोवर ही मंडळी मोठी झालेली, नोकरीला लागलेली, सगळं खायची सवय झालेली, आणि त्यांना सांगितलं की परत फॉर्म्युला सुरू करा! कित्येकांना तो घशाखाली उतरवणंच जमलं नाही. शिवाय मोठ्यांसाठी पातळी किती चालेल यावर अजूनही एकमत नाही, अमेरिकेची २०१४ ची मर्यादा लिटरभर रक्तात ३६० मायक्रोमोल आणि युरोपची २०१७ ची ६००.

जगण्याच्या दर्जाची मोजणी त्याहून उशिरा सुरू झाली. २००० नंतरच्या काही अभ्यासांत सगळ्यांसाठीच्या सरसकट प्रश्नावल्या वापरल्या आणि निकाल आला की पीकेयूवाले इतरांसारखेच मजेत आहेत. त्या प्रश्नांत फॉर्म्युलाची चव नव्हती, चारचौघांत जेवायचं टेन्शन नव्हतं, मग दुसरं काय निघणार? खास पीकेयूची प्रश्नावली २०१५ च्या सुमारास आली आणि तिच्यात गरोदरपणातल्या पातळीची धास्ती आणि डाएट मोडल्याची अपराधी भावना ठळकपणे वर आली.

औषधं याच काळातली. २००७ मध्ये अमेरिकेत सॅप्रोप्टेरिनला परवानगी मिळाली, ते काहींनाच लागू पडतं. २०१८ मध्ये पेगव्हॅलिएज आलं, त्याने बरेच जण नेहमीसारखं जेवू शकतात, पण इंजेक्शन घ्यावं लागतं आणि जिवावर बेतणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या धोक्यामुळे अ‍ॅड्रेनलिन कायम जवळ बाळगावं लागतं. २०२५ मध्ये सेपियाप्टेरिन आलं. या औषधांच्या चाचण्यांत मुख्य निकष रक्तातली पातळीच होता. आणि सहाव्या वर्षी डाएट सुटलेली ती पिढी, म्हणजे जन्मानंतर लगेच उपचार मिळालेल्या पहिल्या पेशंटपैकी बरेच जण, आता म्हातारपणाकडे चाललीय, त्या वयात पीकेयूचा मेंदू कसा राहतो याचा आधीचा अनुभव कुठल्याच डॉक्टरकडे नाही.