रानातल्या जुन्या ओकची नोंद: घेर एक, वयं दोन

इंग्लंडमधल्या रानात 5 मीटर घेराच्या बुंध्याचा ओक उभा आहे. त्याचं वय किती? ब्रिटिश वृक्षतज्ज्ञ अ‍ॅलन मिचेल यांचा ठोकताळा असा: मोकळ्या जागेतल्या झाडाचा घेर वर्षाला साधारण 2.5 सेंटिमीटर वाढतो, दाटीतल्या झाडाचा त्याच्या निम्मा. म्हणजे हा ओक 200 वर्षांचा असेल किंवा 400 वर्षांचा. नुसता घेर लिहून नोंद पुरी होत नाही, ती याचमुळे.

निवाडा फांद्या करतात. दाटीत वाढलेल्या ओकचं खोड सरळ वर जातं आणि उन्हाअभावी खालच्या फांद्या मरतात. पण आज भोवती गर्द रान असूनही खाली जाडजूड, आडव्या पसरलेल्या फांद्या किंवा त्यांचे वाळलेले खुंट दिसले, तर झाड मोकळ्यावर वाढलं आणि रान नंतर चढलं. खुंटांची जाडी, उंची आणि दिशा जरूर लिहा.

खोडातली दरवर्षी वाढणारी वर्तुळं मोजू म्हटलं तर जुने ओक बहुधा पोकळ असतात. जिभेसारखी लालसर अळंबी धरणारी फिस्टुलिना हेपॅटिका ही बुरशी गाभ्याचं मृत लाकूड तपकिरी करून कुजवते. बाहेरचं जिवंत लाकूड पाणी चढवत राहतं. झाड जगतं, पण सुरुवातीची वर्तुळं जातात. शेरवुडच्या रानातल्या प्रसिद्ध ‘मेजर ओक’चा घेर सुमारे 11 मीटर, तरी वयाचे अंदाज 800 पासून 1100 वर्षांपर्यंत जातात. ढोलीचं तोंड, अळंबी, वटवाघळांच्या खुणा नोंदवा. आत हात घालू नका.

जात पाहायला गळून पडलेली फळं उचला. लांब देठावर फळ आणि जवळजवळ बिनदेठाचं पान असेल तर क्वेर्कस रोबर. फळ फांदीला चिकटून आणि पानाला स्पष्ट देठ असेल तर क्वेर्कस पेट्रिया. दोन्हींचा संकरही होतो, म्हणून एका पानावर निर्णय नको.

उंची हिवाळ्यात मोजावी, पानं असताना शेंडा दिसतच नाही. ओकचा माथा गोल असल्यामुळे खालून पुढची फांदीच शेंडा वाटते आणि उंची जास्त येते. थोडं लांब जाऊन पाहा.

आता घेराची टेप. ब्रिटनमध्ये ती जमिनीपासून 1.5 मीटरवर लावतात, युरोपात इतरत्र बहुधा 1.3 वर, म्हणून आकड्याशेजारी टेपची उंची हवीच. उतारावर चढाच्या बाजूने मोजा. तिथेच गाठ आली तर तिच्याखाली बुंधा सर्वांत बारीक असेल तिथे लावा. आयव्हीच्या वेलीखालून टेप सरकवा, वेल तोडू नका. मोठ्या बुंध्यामागे टेप हमखास घसरते, तेव्हा मागे दुसरा माणूस ठेवा: 5 मीटरच्या घेरात ती 10 अंश तिरकी गेली तरी जवळपास 4 सेंटिमीटर वाढतात, म्हणजे दाटीतल्या झाडाची तीन वर्षांची वाढ.